बिशपच्या हातातला चाकू

लेखक : इंग्लंडातल्या वुस्टरचे बिशप वुल्फस्टन यांच्यापुढे कोणी आशीर्वादासाठी मान वाकवली, की बिशप आधी त्याचे केस बघत. केस लांब वाढवलेले असले तर आशीर्वाद थांबे. बिशप स्वतःच्या हातानं एक बट कापून टाकत. त्यासाठी त्यांच्याजवळ एक छोटा चाकू असे. एरवी त्यानं ते नखं साफ करत, नाहीतर हस्तलिखितावरचे डाग खरवडून काढत. पहिली बट बिशपांनी कापायची, बाकीचे केस त्या मापानं ज्याचे त्यानं कापून घ्यायचे, असा त्यांचा हुकूम असे. कोणी कां-कूं केली तर ते त्याला तोंडावर बायकी म्हणत आणि बजावत, की पुरुषाच्या जन्माला येऊन ज्यांना बायकांसारखे केस मिरवावेसे वाटतात, ते समुद्रापलीकडून शत्रू आला तर देश राखायला बायकांइतकेच उपयोगी पडतील. पुढे १०६६ मध्ये नॉर्मन आले आणि बिशपांचे शब्द खरे झाले, अशी जोड चरित्रकार देतो. हा चरित्रकार म्हणजे माम्झबरी मठातला विल्यम. कोलमन नावाच्या मठवाशानं इंग्रजीत लिहिलेलं वुल्फस्टनचं चरित्र आज हरवलं आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यमनं त्यावरून लॅटिनमध्ये लिहिलेलं चरित्र तेवढं आपल्या हाती आहे. मी या चाकूपासून सुरुवात करतो, कारण तो ज्याच्या हातात आहे त्याला तलवार वर्ज्य आहे, बायको वर्ज्य आहे, स्वतःचा वंशही वर्ज्य आहे. त्या काळच्या सरदाराच्या हिशेबानं पुरुष म्हणून त्याच्या खात्यात जवळजवळ काहीच जमा नाही. तरीही समोर वाकलेल्यांपैकी कोण पुरुष आणि कोण नाही, याचा निवाडा तोच करतो आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती संतचरित्रांनी धर्मगुरूला हा निवाड्याचा हक्क मिळवून दिला, असं माझं म्हणणं आहे. आणि तो मिळवताना त्यांनी दुसऱ्या एका धर्मगुरूचं, म्हणजे गावोगावच्या संसारी पुरोहिताचं, पुरुष म्हणून असलेलं स्थान काढून घेतलं.

आक्षेपक : नखं साफ करायच्या चाकूवर तुम्ही फार मोठी इमारत उभी करताय. केसांवरून तरुणांची कानउघाडणी करणारे उपदेशक कुठल्याही शतकात सापडतील. ही चरित्रं लिहिणाऱ्यांच्या मनात पाप होतं, कृपा होती, मेल्यानंतरचा न्याय होता. ‘पुरुषत्व’ हा आजच्या विद्यापीठांचा विषय आहे, तो तुम्ही त्यांच्या तोंडी घालताय. बरं, घालायचाच म्हटलं तरी पुरावा तुमच्या विरुद्ध जातो. याच विल्यमनं इंग्लंडच्या राजांचा इतिहास लिहिला आहे. त्यात १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईआधी इंग्रजांच्या हॅरल्ड राजाचे हेर नॉर्मन छावणी पाहून येतात आणि सांगतात, की तिकडे तर जवळजवळ सगळे पाद्रीच आहेत, कारण त्यांचे चेहरे भादरलेले आहेत. राजाला हसू येतं. ते पाद्री नाहीत, कसलेले लढवय्ये आहेत, असं तो म्हणतो. म्हणजे गुळगुळीत चेहऱ्याचा तो पाद्री आणि पाद्री म्हणजे न लढणारा, हे गणित लोकांच्या डोक्यात पक्कं होतं. रॉबर्ट स्वॉन्सन या इतिहासकारानं तर अकराव्या शतकातल्या सुधारणांनंतरच्या ब्रह्मचारी धर्मगुरूला स्त्री आणि पुरुष या दोहोंपलीकडच्या तिसऱ्या लिंगात बसवलं. मला ते पटतं. हे लोक देवदूतांच्या पंक्तीला बसायला निघाले होते. पुरुषांच्या पंक्तीत त्यांना रस नव्हता.

लेखक : हेरांची गोष्ट मी माझ्याच बाजूनं घेतो. त्या लढाईत गुळगुळीत चेहऱ्याचे जिंकले आणि मिशा राखणारे इंग्रज हरले, हे विल्यमच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक होतं. एका ग्रंथात पाद्र्यांसारखे दिसणारे जिंकतात. दुसऱ्या ग्रंथात भादरलेल्या डोक्याचा बिशप लांब केसवाल्यांना सांगतो, की तुम्ही हरणार. लेखक एक आणि विचारही एकच : चेहऱ्यावरून आणि केसांवरून तुम्ही पुरुष मोजताय, पण ते माप चुकीचं आहे. आता ‘पुरुषत्व’ हा शब्द आजचा, हे खरं. विचार मात्र आजचा नाही. सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिडोरनं शब्दांच्या व्युत्पत्तींचा एक प्रचंड कोश लिहिला. पुढची कित्येक शतकं मठांच्या शाळांत तो हाताशी असे. त्यात पुरुषवाचक ‘विर’ हा लॅटिन शब्द बळावरून आला आणि ‘विर्तुस’, म्हणजे सद्गुण, हा त्या ‘विर’शी जोडलेला, असं सांगितलं आहे. स्त्रीवाचक शब्द त्यानं मऊपणावरून काढला. मराठी वाचकाला हे लगेच उमगावं, कारण तो ‘विर’ आणि आपला ‘वीर’ एकाच मुळाचे आहेत, आणि ‘वीर्य’ या शब्दात आपणही पराक्रम आणि शरीर एकत्र बांधून ठेवले आहेत. ज्या भाषेत सद्गुण या शब्दातच पुरुष दडलेला आहे, त्या भाषेत संताची स्तुती करायला बसलेला लेखक पुरुषत्वाला वळसा घालून जाऊच शकत नव्हता. स्त्रियांनासुद्धा त्याच शिडीवरून चढावं लागे. २०३ मध्ये कार्थेजला मारली गेलेली पर्पेतुआ तुरुंगात जे स्वप्न पाहते, त्यात रिंगणात उतरण्याआधी तिचं शरीर पुरुषाचं होतं.

आणि वुल्फस्टनचं तारुण्य बघा. शतकानुशतकांचे संत मोहाला घाबरून काट्यांत उडी घेत आले होते. पोप ग्रेगरी पहिल्यानं ५९३–५९४ च्या सुमारास लिहिलेल्या ‘संवादां’त सुबियाकोच्या गुहेत राहणाऱ्या बेनेडिक्टला एका बाईची आठवण छळते आणि तो कपडे टाकून काटेरी झुडपांत लोळतो. तिथं एकांत आहे. विल्यमनं हीच जुनी गोष्ट घेतली, पण ती उचलून गावच्या मैदानात आणली. पोरांचे खेळ चालले आहेत, वुल्फस्टन जिंकतो, लोक त्याच्या नावाचा गजर करतात, आणि त्या गजरातच एक मुलगी त्याच्यासमोर लाडिक हावभाव करत नाचू लागते. मग तो पळतो, झुडपात शिरतो, रडतो, आणि एक तेजस्वी ढग उतरून त्याला कायमचा मुक्त करतो. मैदानातल्या विजयाची चरित्रकाराला गरज काय होती? माझ्या मते सगळ्यात जास्त गरज त्याचीच होती. ज्याला जमत नव्हतं म्हणून ज्यानं सोडलं, असा शेरा आपल्या संतावर कुणी मारू नये, याची काळजी विल्यम घेतो आहे. जो चारचौघांच्या डोळ्यांदेखत आधी पुरुष ठरतो, त्याच्याच त्यागाला मोल येतं.

आक्षेपक : मैदान तुम्ही दाखवलंत, मी शस्त्रक्रिया दाखवतो. पाचव्या शतकातला जॉन कॅसियन सेरेनस नावाच्या तपस्व्याबद्दल लिहितो : रात्री देवदूत आला, त्यानं त्याचं पोट उघडलं, आतून जळती गाठ उपटून फेकून दिली, आणि त्या दिवसापासून सेरेनसला वासनेचा त्रास राहिला नाही. ग्रेगरीच्या ‘संवादां’तल्या एक्विटियस या मठाधिपतीचा तर स्वप्नात देवदूतासमोर सरळ अंगच्छेदच होतो. ही परंपरा तेराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जिवंत आहे. लिंकनचे बिशप ह्यू यांचे सेवक आणि चरित्रकार, आइनशमचे ॲडम, लिहितात की ह्यू वासनेनं हैराण झालेले असताना त्यांचे निवर्तलेले गुरू बासिल प्रकट झाले, त्यांनी पोट चिरलं, आतून निखाऱ्यासारखं काहीतरी बाहेर काढलं आणि दूर फेकलं. आठशे वर्षांत लेखक बदलले, भाषेचा डौल बदलला, पण संताचं अंग कापायची ओढ काही गेली नाही. याला नपुंसकत्वाची आस म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं? तुमचा मैदान जिंकणारा वुल्फस्टन या सगळ्यांच्या शेजारी अपवाद ठरतो.

लेखक : तुमचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, म्हणून त्याला सावकाश उत्तर देतो. ही शस्त्रक्रिया प्रत्येक वेळी स्वप्नात किंवा दर्शनातच का होते? कारण जागेपणी ती केली असती तर संताची धर्मगुरू म्हणून गादीच गेली असती. ३२५ मध्ये नायसीयाला भरलेल्या परिषदेचा पहिलाच नियम सांगतो, की निरोगी असताना ज्यानं स्वतःच्या हातानं स्वतःचा अंगच्छेद करून घेतला, त्याला धर्मगुरूंच्या वर्गात जागा नाही. आजारात वैद्यानं कापलं किंवा शत्रूनं कापलं तर चालेल, आपण होऊन केलेलं चालणार नाही. म्हणजे चर्चला नपुंसक नको होते. ज्याच्याकडे आहे आणि जो वापरत नाही, असा माणूस हवा होता. चरित्रकारांनी या अटीतून वाट काढली ती स्वप्नाची : आतली आग विझवायची, पण शरीर जसंच्या तसं ठेवायचं. त्यानंतर चरित्रात काय घडतं, तेही वाचा. एक्विटियसला ते दर्शन झाल्यावर तो पुरुषांच्या मठांबरोबर स्त्रियांच्या मठांचाही कारभार हाती घेतो. शिष्यांना मात्र बजावतो, की मला मिळालेलं दान तुम्हाला मिळालेलं नाही, माझी नक्कल करू नका. म्हणजे स्वप्नातल्या कापाकापीतून हाती येते ती सत्ता, आणि तीही आधीपेक्षा मोठी. ह्यूंचंही तेच. भाविक स्त्रियांना पंक्तीला घेऊन जेवायला ते कचरत नसत, असं ॲडम सांगतात, आणि राजांसमोर तर ते कधी मवाळ झालेच नाहीत. फ्रान्समधल्या लढाईसाठी आपल्या चर्चनं सरदार पुरवावेत ही मागणी त्यांनी ११९७ मध्ये धुडकावली. पुढच्या वर्षी रिचर्ड राजाला भेटायला ते नॉर्मंडीत रोश द’आंदेलीच्या प्रार्थनाघरात गेले. राजानं तोंड फिरवलं. शांतीचं चुंबन द्या, असं ह्यू म्हणाले. राजा ऐकेना. तेव्हा बिशपांनी त्याचा झगा छातीशी पकडला, गदागदा हलवला आणि पुन्हा मागणी केली. शेवटी राजाला हसू फुटलं आणि त्यानं चुंबन दिलं. सिंहाचं काळीज म्हणून नावाजलेल्या राजाला छातीशी धरून हलवणारा माणूस तिसऱ्या लिंगाचा होता, असं म्हणायला माझं मन धजत नाही.

शस्त्राच्या बाबतीतही हीच झटापट दिसते. नवव्या शतकाच्या अखेरीचा ओरियाकचा जेराल्ड हा सरदार होता, धर्मगुरू नव्हता. मनानं मात्र तो कधीच धर्मगुरू झाला होता. बिशपच्या सल्ल्यानं त्यानं बाहेरचा वेश बदलला नाही, पण गुपचूप माथ्यावर गोल भादरून घेतलं आणि ते टोपीखाली झाकलं. त्याचं चरित्र क्लूनी मठाच्या ओडोच्या नावावर आहे. त्या चरित्राचं मोठं रूप ओडोचं नसून शंभर वर्षांनंतरच्या आदेमार नावाच्या लेखकाचं आहे, असं अलीकडे इतिहासकार मॅथ्यू क्युफ्लर यांनी मांडलं आहे. माझा मुद्दा दोन्ही बाजूंनी टिकतो, म्हणून त्या वादात मी शिरत नाही. लढाईला निघताना जेराल्ड आपल्या माणसांना हुकूम देतो, की तलवारी पाठीकडून चालवा आणि भाले उलटे धरा, रक्त सांडता कामा नये. पुढचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. देवानं जेराल्डला अजिंक्य केलं नसतं तर हे शत्रूला हास्यास्पद वाटलं असतं, अशी कबुली चरित्रकार स्वतःच देतो. त्याला सभोवतालचं हसू ऐकू येतं आहे. उलटा भाला धरणाऱ्याला सरदारांच्या ओसरीवर काय म्हणतील, हे त्याला पक्कं माहीत आहे, आणि त्या हसणाऱ्यांना त्यांच्याच भाषेत, जिंकण्याच्या भाषेत, तो उत्तर देतो. पुरुषत्वाबाहेर पडलेल्याला त्या हसण्याची पर्वा कशाला? अशीच गोष्ट २९ डिसेंबर ११७० ला कँटरबरीत मारले गेलेले आर्चबिशप थॉमस बेकेट यांची. त्या वेळी हजर असलेल्या आणि हातावर वार झेललेल्या एडवर्ड ग्रिमनं लिहून ठेवलं आहे, की अंगाला हात लावणाऱ्या सरदाराला बेकेटनी ढकलून दिलं आणि बायकांची दलाली करणारा अशा अर्थाची शिवी हासडली. हुतात्म्याच्या शेवटच्या घटकेतली ही शिवी ग्रिमला गाळता आली असती, पण त्यानं ती गाळली नाही.

आक्षेपक : तुम्ही एक एक प्रसंग उचलून सत्ता, सत्ता म्हणत चालला आहात. भक्तीला तुमच्या हिशेबात जागाच नाही का? पीटर डेमियन हा सुधारक अकराव्या शतकात कळवळून सांगत होता, की कुमारीच्या पोटी जन्मलेल्या प्रभूचं शरीर ज्या हातांनी वेदीवर धरायचं, ते हात शुद्ध हवेत. हे त्याच्यासाठी रात्रीची झोप उडवणारं सत्य होतं. मिस्सा अर्पण करणाऱ्या माणसानं घरी बायकोच्या कुशीतून उठून यावं की नाही, या प्रश्नाला तुम्ही पुरुषांच्या दोन टोळ्यांचं भांडण करून टाकताय.

लेखक : डेमियनच्या तळमळीवर मी शंका घेत नाही. शुद्ध हातांचा आग्रह खरा होता आणि तो नसता तर बाकीचं काही घडलंच नसतं, एवढं मी मान्य करतो. पण शुद्धतेचा युक्तिवाद पत्रांत आणि निबंधांत सापडतो. चरित्रांत मोठ्या आवाजात ऐकू येते ती झुंज, जय, पराजय आणि पळ. तिथं ब्रह्मचर्य ही लढाई आहे, आणि ती न लढणारा पुरोहित आपसूकच भेकड ठरतो. तो पुरोहित कोण होता, हे विसरून चालणार नाही. अकराव्या शतकात युरोपच्या खेड्यापाड्यांत बायको-मुलं असलेला पुरोहित ही रोजची गोष्ट होती. त्याच्या घरात चूल पेटत होती, त्याचा मुलगा वेदीजवळ उभा राहून त्याचं काम शिकत होता, आणि अनेक ठिकाणी तेच चर्च पुढे त्या मुलाच्या हाती येत होतं. पोप ग्रेगरी सातव्यानं १०७४ मध्ये यावर निकरानं घाव घालायला सुरुवात केली. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेनं वरच्या पायरीच्या धर्मगुरूंचे विवाह विवाहच नाहीत असं ठरवून टाकलं. यात मालमत्ता होती, चर्चच्या जमिनी वारशानं जाऊ नयेत ही चिंता होती, आणि डेमियनची तळमळही होती. पण ज्यांच्यावर घाव पडला त्यांना तो कुठे लागला? रूआंचे आर्चबिशप जॉन यांनी १०७० च्या दशकात पुरोहितांना बायका सोडायचं फर्मान काढलं, तेव्हा खुद्द धर्मगुरूंनी त्यांच्यावर दगडफेक केली आणि त्यांना चर्चमधून पळ काढावा लागला. हे लिहून ठेवलं ऑर्डरिक विटालिसनं, जो स्वतः एका पुरोहिताचा मुलगा होता आणि दहाव्या वर्षी बापानं समुद्रापार नॉर्मंडीतल्या मठात पाठवून दिलेला होता. ११०० च्या सुमारास नॉर्मंडीतल्याच एका अनामिक लेखकानं पुरोहितांच्या विवाहाची आणि त्यांच्या मुलांची जोरदार बाजू मांडली. दगड उचलणाऱ्या आणि लेखणी उचलणाऱ्या या माणसांना आपण अशुद्ध आहोत असं वाटत नव्हतं. आपल्याला अर्धा पुरुष करून टाकायला निघाले आहेत, असं त्यांना वाटत होतं. संतचरित्र त्यांना उलट सांगत होतं, की अर्धे तर तुम्ही आजच आहात.

आक्षेपक : इतका वेळ तुम्ही पुरुषांबद्दल पुरुषांशीच बोलताय. घाव पुरोहिताला लागला, मुलाला लागला. त्या घरातल्या बाईचं काय? मैदानात नाचणाऱ्या मुलीला विल्यमनं नावसुद्धा दिलेलं नाही, आणि तुम्हीही तिला ओलांडून पुढे गेलात.

लेखक : खरं आहे, मी ओलांडून गेलो. आता थांबतो, कारण या सगळ्याची किंमत तिथंच मोजली गेली. ग्रेगरीच्या ‘संवादां’त नुर्सियाच्या एका म्हाताऱ्या पुरोहिताची गोष्ट आहे. दीक्षा घेतल्या दिवसापासून त्यानं बायकोला बहिणीसारखं वागवलं आणि जवळ येऊ दिलं नाही. अशी चाळीस वर्षं गेली. आता तो मरणाच्या दारी आहे, डोळे मिटलेले, जीव आहे की नाही कळत नाही. बायको वाकते आणि त्याच्या नाकाशी कान नेते, श्वास चालू आहे का बघायला. तेवढ्यासाठी तो उरलेली सगळी ताकद गोळा करून तिला म्हणतो, की दूर हो, अजून थोडी आग शिल्लक आहे, हा पेंढा बाजूला ने. ग्रेगरी हे कौतुकानं सांगतो, आणि लगेच संत त्या पुरोहिताला न्यायला येतात. पेंढा म्हणजे ती बाई. चाळीस वर्षं एका छपराखाली राहून ती सर्पणच राहिली. तरी त्या सहाव्या शतकातल्या गोष्टीत तिला घरात जागा होती, श्वास बघायला वाकण्याइतकी जवळ जागा होती. पाचशे वर्षांनंतर तीही राहिली नाही. १०८९ मध्ये मेल्फीच्या परिषदेत पोप अर्बन दुसऱ्यानं ठरवलं, की उपडीकन या पायरीच्या धर्मगुरूनं बायको सोडली नाही तर तिथल्या सरदारांनी त्या बाईला गुलाम करावं. आणि ज्याच्या चाकूपासून मी सुरुवात केली तो वुल्फस्टन? ब्रिस्टलच्या बंदरातून माणसं गुलाम म्हणून आयर्लंडला विकली जात, ती थांबावी म्हणून तो पुन्हा पुन्हा तिथं जाऊन राहिला, उपदेश करत राहिला, आणि त्यानं तो बाजार बंद पाडला. इतक्या मोठ्या मनाचा माणूस होता. त्याच माणसानं आपल्या धर्मप्रांतातल्या पुरोहितांना सांगितलं, की बायको निवडा नाहीतर चर्च निवडा. काहींनी बायको निवडली. ते वणवण फिरले आणि त्यातले काही अन्नाला महाग झाले, असं विल्यम लिहितो. त्यांच्याबरोबर त्या बायकाही फिरल्या असणार, पण त्यांच्यासाठी चरित्रात एक ओळही नाही. नवं पुरुषत्व घडवताना ज्यांना पेंढा ठरवलं, त्यांच्यासाठी मला वाईट वाटतं, आणि ते लपवून हा विषय मांडता येईल असं मला वाटत नाही.

आक्षेपक : इथं आपलं एकमत झालं. पण शेवटच्या दोन शंका राहतातच. एक म्हणजे, ही चरित्रं मठांत लिहिली गेली आणि बहुतेक मठांतच वाचली गेली. गावातला पुरोहित पुढची कित्येक शतकं घरात ‘कामवाली’ ठेवून राहतच होता. मग तुमच्या निवाड्याच्या हक्काला गावात विचारत कोण होतं? आणि दुसरी शंका अशी, की याच बाराव्या शतकात क्लेरव्हो मठाचा बर्नार्ड आत्म्याला ख्रिस्ताची वधू म्हणत होता, मठाधिपतींना शिष्यांसाठी आई व्हायला सांगत होता. इतक्या हट्टानं पुरुष राहणारी माणसं स्वतःला वधू आणि आई कशी म्हणवून घेतात?

लेखक : पहिल्या शंकेतलं तथ्य मी नाकारत नाही. चरित्रांवरून माणसं कशी जगली ते सिद्ध होत नाही, कोणत्या मापानं मोजली गेली ते कळतं. पण माप बदललं की जगणंही बदलतं, निदान त्या जगण्याचं नाव तरी बदलतं. जी आधी पुरोहिताची बायको होती, तिला लोक रखेल म्हणू लागले, आणि जो मुलगा वारस होता तो अनौरस झाला. घर तेच होतं. दुसऱ्या शंकेचं उत्तर एका माणसात सापडतं. उत्तर इंग्लंडातल्या रिव्हो मठाचे एलरेड. त्यांचं चरित्र त्यांच्याच मठातल्या वॉल्टर डॅनियलनं लिहिलं. वॉल्टर सांगतो, की नवशिक्यांच्या निवासाखाली एलरेडनी विटांची एक छोटी कोठडी बांधून घेतली होती. तिच्यात गुप्तपणे झऱ्याचं पाणी आणलं होतं, आणि अंगातला ताप विझवायला ते त्या बर्फासारख्या पाण्यात बुडून राहत. हा लढणारा एलरेड. म्हातारपणी सांध्यांनी आणि मुतखड्यानं जखडल्यावर ते आजाऱ्यांच्या घराशेजारच्या झोपडीत राहत. तिथं वीस-तीस मठवासी एकदम येत, त्यांच्या खाटेभोवती आणि खाटेवरही बसत, आणि लेकरू आईशी बडबडतं तसे बोलत. ही आई. एलरेडच्या हाताखाली १४० मठवासी आणि ५०० सेवेकरी होते, असा आकडा वॉल्टर देतो. इतक्यांचा बाप झाल्यावर आई म्हणवून घ्यायला भीती उरत नाही. दगड उचलणाऱ्या पुरोहिताला स्वतःला आई म्हणवून घेणं परवडलं नसतं. एलरेडना परवडलं, कारण त्यांचं बापपण चरित्रानं पक्कं करून ठेवलं होतं. आपल्या बोलीतही ते उतरलं आहे. पोर्तुगीज ‘पाद्रे’ म्हणजे बाप, त्याचा आपण ‘पाद्री’ केला, आणि वसईपासून गोव्यापर्यंत ब्रह्मचारी माणसाला ‘फादर’ म्हणताना त्यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटत नाही. बाप हा शब्द एका घरातून दुसऱ्या घरात गेला, तो असा गेला.

पहिलं घर कुठलं होतं, तेही एलरेडच्याच गोष्टीत आहे. वॉल्टरच्या चरित्रात एलरेड प्रथम भेटतात ते स्कॉटलंडच्या डेव्हिड राजाच्या दरबारात वावरणारे तरुण म्हणून. त्यांचा बाप कोण, हे आपल्याला हेक्समच्या चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या रिचर्डकडून नीट कळतं. बाप आयलाफ हे हेक्समचे पुरोहित होते. पणजोबा डरहॅमला संत कथबर्टच्या देहाची राखण करत. पिढ्यान् पिढ्यांचं पुरोहितांचं घराणं होतं ते. १११३ मध्ये हेक्समचं चर्च ऑगस्टिनियन पंथाच्या धर्मगुरूंच्या हाती गेलं, आणि आयलाफ उरलेल्या थोड्या उत्पन्नावर राहिले. ११३८ मध्ये ते डरहॅमला आजारी पडले. चर्चचं जे काही आपल्याकडे राहिलं होतं, ते त्यांनी त्या नव्या धर्मगुरूंना परत दिलं. त्या वेळी मुलगे जवळ होते : एलरेड, सॅम्युएल आणि एथेल्वोल्ड. एलरेडना रिव्होचे मठवासी होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. घराण्यात जपलेला, संतांचे अवशेष ठेवलेला चांदीचा एक छोटा क्रूसही आयलाफनी देऊन टाकला. मग त्यांनी स्वतः मठवाशाचा झगा अंगावर चढवला, आणि काही दिवसांतच ते वारले.